हरीण आडवं येण्याआधी: मराठवाड्यात दुचाकीवर अपडाऊन करणाऱ्या नव्यांसाठी

नोकरी लागते, तालुक्याच्या गावी मनासारखी खोली मिळत नाही, मग रोजचं तीस-चाळीस किलोमीटरचं अपडाऊन सुरू होतं. शाळेतले सर, बँकेतले कारकून, लाइनमन, दूध घालणारे, कॉलेजची पोरं, सगळे दुचाकीवर. हा लेख त्यांच्यातल्या नव्यांसाठी आहे. पुण्याकडून बदलून आलेल्यांनी तर जरूर वाचावा. त्यांना गर्दीत गाडी चालवता येते, पण रिकाम्या रस्त्याची सवय नसते. आपल्याकडे जनावर आडवं येतं ते रिकाम्या रस्त्यावरच.

एक गोष्ट आधीच सांगतो. जनावर रस्त्यावर येतं ते शेतातून. कडेला कोणतं पीक उभं आहे, ते किती उंच आहे, रात्री त्याची राखण चालू आहे का, एवढं बघायची सवय लागली की पुढच्या वळणावर काय वाढून ठेवलंय याचा अंदाज आधीच येतो. 'हरणांपासून सावधान' असे फलक जिथं आहेत तिथं वेग कमी कराच, पण फलकाच्या भरवशावर राहू नका. कळप पिकाप्रमाणे जागा बदलतो, फलक काही बदलत नाही.

आधी जनावरं ओळखून घ्या

आपण ज्यांना सरसकट हरणं म्हणतो त्यांत मराठवाड्याच्या माळावर मुख्यतः काळवीट आणि चिंकारा येतात. काळविटाचा नर तीस-चाळीस किलोचा, वरून काळपट, पिळदार शिंगांचा. माद्या आणि पिल्लं भुरकट. ही कळपानं राहतात आणि बुजली की उभ्या उड्या मारत पळतात, ताशी 80 किलोमीटरच्या आसपास वेग गाठतात. त्यांची एक खोड लक्षात ठेवा. गाडीला समांतर धावतात, वाटतं की आता बाजूनंच निघून जातील, आणि अचानक गाडीच्या पुढून आडवी कापतात. कळप शेतातून तुमच्याबरोबर पळताना दिसला तर त्याच्याशी शर्यत लावू नका, मोबाईल तर काढूच नका. वेग सोडा आणि त्यांना पुढं जाऊ द्या.

चिंकारा लहान, वीसेक किलोचा, बहुधा एकटा किंवा दोघं-तिघं. दिसतो उशिरा, कारण रंगच मातीचा.

रोही म्हणजे नीलगाय, हे प्रकरण वेगळं. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या पुढं जातो. हरणाला धडकलात तर पडाल. रोह्याला धडकलात तर त्याचं धूड थेट तुमच्या छातीशी येतं. शिवाय तो हरणासारखा चपळाईनं निघून जात नाही. रस्त्याच्या मधोमध थांबतो, बघतो, कधी अर्ध्यातून मागं फिरतो.

रानडुकराबद्दल एकच, पण महत्त्वाचं. हरीण, रोही, गाय, कुत्रा यांचे डोळे हेडलाईटमध्ये चमकतात. डुकराचे चमकत नाहीत. रात्री 'डोळे दिसले नाहीत म्हणजे रस्ता मोकळा' हा हिशेब डुकराच्या बाबतीत चुकतो, आणि ऊसपट्ट्यात तर हमखास चुकतो.

मोकाट गाई, म्हशी आणि गावाच्या तोंडाशी असलेली कुत्री यांच्याविषयी वेगळं लिहीत नाही. पुढं वेगाचं आणि ब्रेकचं जे सांगितलंय ते त्यांनाही लागू आहे.

पीक बघा, महिना बघा

जून-जुलैत मूग, उडीद, सोयाबीन नुकतंच उगवलेलं असतं. कोवळा पाला म्हणजे हरणांची मेजवानी. पण तेव्हा रान उघडं असतं, कळप लांबून दिसतो. ऑगस्टनंतर सोयाबीन गुडघ्याच्या वर जातं आणि त्यात बसलेला चिंकारा उठेपर्यंत दिसत नाही. ऑक्टोबरात काढणी सुरू झाली की लपण मोडतं, जनावरं तुरीत आणि उसात सरकतात.

सगळ्यांत वाईट काळ नोव्हेंबर ते जानेवारी. तूर डोक्याएवढी झालेली असते आणि शेजारीच हरभरा कोवळा असतो. म्हणजे लपायला भिंत आणि खायला ताट, दोन्ही रस्त्याला लागून. त्यात डिसेंबरात सहाच्या आतच दिवस मावळतो. ऑफिस सुटायची वेळ आणि कळप हरभऱ्याकडं निघायची वेळ एकच. तुरीच्या पट्ट्याजवळ तीन माद्या टणाटण उड्या मारत रस्ता ओलांडून गेल्या तर लगेच गाडी रेटू नका. तुरीच्या शेंड्यांवर नुसती पिळाची शिंगं दिसतायत का बघा. नर बऱ्याचदा मागं राहिलेला असतो आणि तो तुमच्याकडेच बघत असतो.

ऊसतोड सुरू झाली की फड रिकामा होईल तशी डुकरं बाहेर पडतात. त्याच रस्त्यावर बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्याही असतात, त्यामुळे ऊसपट्ट्यात रात्री दुहेरी सावध राहावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पिकांचा प्रश्न संपतो आणि पाण्याचा सुरू होतो. तेव्हा कालवा, पाझर तलाव, शेततळं जिथं असेल तिथं सकाळ-संध्याकाळ जनावरांची ये-जा असते.

आता जागलीबद्दल. हा मुद्दा बाहेरून आलेल्यांना कुणी सांगत नाही. रात्री शेतकरी राखणीला असतो. बॅटरी फिरवतो, पत्र्याचा डबा वाजवतो, फटाका फोडतो, काही ठिकाणी कुत्र्याच्या भुंकण्याचा भोंगा लावलेला असतो. त्याच्या शेतातून हुसकावलेला कळप जातो कुठं? रस्त्याच्या पलीकडे. म्हणून कडेच्या शेतात बॅटरी हलताना दिसली, 'हुर्र हुर्र' ऐकू आलं, फटाका वाजला, तर समजा की बुजलेलं जनावर आत्ता या क्षणी पळतंय आणि त्याला तुमची गाडी दिसत नाही. ताशी 30 वर या. यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. रात्रभर थंडीत बसायची हौस कुणालाच नसते.

कुंपणाकडंही बघत चला. जुन्या साड्या बांधून केलेलं कुंपण आपल्याकडं जागोजाग दिसतं: लाल, हिरव्या, मोरपंखी साड्या बांबूला बांधलेल्या, वाऱ्यावर फडफडणाऱ्या. काही ठिकाणी सौर झटका मशीनच्या तारा असतात. कुंपण लागलं की जनावर त्याच्या कडेकडेनं चालतं आणि जिथं फट मिळेल तिथून निघतं. ती फट कुठं असते? बहुतेक वेळा पांदण रस्ता डांबरीला मिळतो तिथं, ओढ्यावरच्या नळकांडी पुलापाशी, नाहीतर दोन शेतांच्या धुऱ्यावर. दिवसा जाताना तुमच्या रस्त्यावरच्या अशा जागा हेरून ठेवा. खात्री करायची असेल तर गाडी बाजूला लावून कडेची माती बघा. रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, त्यांचा ढीग होतो. काही जुन्या, वाळून पांढुरक्या पडलेल्या आणि वर ताज्या काळ्या लेंड्या दिसल्या म्हणजे येणं-जाणं चालू आहे. बाजूला दुभंगलेल्या खुरांचे ठसे असतातच. ही पाहणी आठवड्याभरात जाता-येता होऊन जाते आणि मग अंधारातही पुलाच्या आधी हात आपोआप ॲक्सिलेटरवरून सैल होतो.

जंगलाच्या कडेचे रस्ते वेगळे. येडशीचा रामलिंग घाट, पाटोद्याजवळचं नायगाव मयूर अभयारण्य, कन्नडकडचा गौताळा, किनवट-माहूर भागातलं पैनगंगा अभयारण्य, इथं पिकाचा हिशेब कमी आणि झाडीचा जास्त. इथं अंधार पडल्यावर घाईनं जायचंच नाही. सोलापूर-धुळे किंवा तुळजापूर-नांदेडसारख्या चौपदरी महामार्गांवर आणखी एक अडचण असते, मधला दुभाजक. जनावर दोन लेन ओलांडून दुभाजकाशी येतं, गोंधळतं आणि उलट फिरून पुन्हा तुमच्याच लेनमध्ये येतं. गेलं म्हणून निर्धास्त होऊ नका. समृद्धीचा प्रश्न आपल्याला नाही, तिथं दुचाकीला बंदीच आहे.

निघण्याआधी गाडी

हेडलाईट. नव्या माणसाचं सगळ्यांत जास्त दुर्लक्ष इथं होतं. मागं माणूस किंवा दुधाचे कॅन बसले की गाडीचं मागचं अंग खाली जातं आणि उजेड आभाळाकडं. समोरच्याच्या डोळ्यांत जातो तो वेगळाच. संध्याकाळी भिंतीपासून पाच मीटरवर, रोज जेवढं ओझं असतं तेवढं ठेवून गाडी उभी करा आणि डिप्पर लावा. भिंतीवरच्या उजेडाची वरची कड हेडलाईटच्या उंचीपेक्षा चारेक बोटं खाली हवी. नसेल तर मिस्त्रीकडून दिव्याचा स्क्रू फिरवून घ्या, दहा मिनिटांचं काम. काच रोज पुसा. ऑक्टोबरात किड्यांनी ती पार बरबटलेली असते.

ब्रेक. ड्रम ब्रेक असेल तर लायनर किती उरलंय ते बघून घ्या. पुढचा ब्रेक ढिला ठेवून फक्त पायाच्या ब्रेकवर गाडी चालवायची आपल्याकडं जुनी सवय आहे. ती मोडा. गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो. 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना 2019 पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. त्याखालच्या बहुतेक गाड्यांना कॉम्बी ब्रेक असतो, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. तुमच्या गाडीला यातलं काय आहे ते माहीत करून घ्या, कारण ऐनवेळी पायाखाली काय होणार ते त्यावर ठरतं.

हेल्मेट आयएसआय मार्कचं, पट्टा लावलेलं. टाकीवर ठेवलेलं हेल्मेट टाकीचं रक्षण करतं. रात्रीसाठी काच पांढरी हवी. काळी काच दिवेलागणीनंतर धोक्याची, आणि ओरखडे पडलेल्या काचेवर समोरून दिवा आला की उजेड सगळीकडं पसरतो. रुमाल बांधणाऱ्यांना सांगून उपयोग नाही, पण सांगतो: रुमालानं धूळ अडते, डोकं वाचत नाही.

ऑनलाईन 'जनावरं पळवणारी शिट्टी' मिळते, गाडीला लावायची. त्या पैशांत ब्रेकचे लायनर बदला.

वेग किती

कोरड्या, चांगल्या डांबरीवर, दचकून ब्रेकपर्यंत हात-पाय पोचायला दीड सेकंद धरला तर गाडी थांबायला लागणारं अंतर साधारण असं येतं: ताशी 40 ला 27 मीटर, 50 ला 37, 60 ला 48 आणि 80 ला 74. शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या गाडीचा डिप्पर जनावर नीट ओळखू येईल असा उजेड तीस-चाळीस मीटरपर्यंतच देतो. म्हणजे डिप्परवर 50 च्या वर गेलात की दिसण्याआधीच धडक ठरलेली. समोरून कुणी नसेल तर अप्परवर चाला, वाहन आलं की डिप्पर करा. समोरचा अप्पर सोडत नसेल तर भांडत बसू नका, 40 वर या. त्याची गाडी पार होईपर्यंतचे दोन-तीन सेकंद तुम्ही आंधळे असता.

डबलसीट, कॅन, ओला रस्ता, ट्रॅक्टरनं आणलेला काळ्या मातीचा चिखल, रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन आणि त्याचं भुसकट, यांत वरचे आकडे वाढतात. भुसकटावर तर ब्रेक म्हणजे घसरणच.

'मग पोचणार कधी?' तीस किलोमीटरला 70 नं सव्वीस मिनिटं लागतात, 50 नं छत्तीस. हिशेब दहा मिनिटांचा आहे.

एसटीच्या मागं चालणं बरं पडतं, तिच्या आवाजानं कडेची जनावरं सावध होतात. पण बरंच अंतर ठेवा. गाडी गेली की 'आता मोकळं' म्हणून थांबलेलं जनावर तिच्या मागोमाग उतरतं, आणि मागोमाग तुम्ही असता. चालताना कडेला चिकटू नका, आपल्या बाजूच्या लेनच्या मध्यावर राहा. कडेच्या येड्या बाभळीपासून दोन हात जास्त अंतर म्हणजे तेवढाच जास्त वेळ.

दिसलं, आता काय

याची तालीम घरी बसून होत नाही. रविवारी सकाळी मोकळ्या डांबरीवर किंवा मैदानात जा. ताशी 30 वर दोन्ही ब्रेक एकदम, पण झटका न देता, दाबत दाबत लावा आणि गाडी सरळ थांबवा. मग 40, मग 50. एबीएस नसेल तर चाक जाम झाल्याचा आवाज आणि सुळकन सरकणं ओळखायला शिका. तसं झालं की क्षणभर ब्रेक सोडा, पुन्हा दाबा. एबीएस असेल तर ब्रेक थरथरतो, ते नॉर्मल आहे, सोडू नका. हाताला आणि पायाला सवय लागेपर्यंत हे करत राहा.

लांबून दिसलं तर ॲक्सिलेटर सोडा, हलके ब्रेक लावा, एक-दोनदा छोटा हॉर्न द्या. जवळ गेल्यावर हॉर्न नको, बुजून नेमकं तुमच्याच अंगावर येतं. रस्त्यात उभं राहून दिव्याकडं बघत असेल तर अप्परचा डिप्पर करा, थांबा, त्याला वाट दिसू द्या. बाजूनं काढायचा मोह आवरा. एक गेलं की दुसऱ्याची वाट बघा, दुसरं गेलं की तिसऱ्याची. बहुतेक जण पहिलं चुकवल्यावर निर्धास्त होतात आणि मागच्याला धडकतात.

अगदी समोर आलं तर गाडी सरळ ठेवा आणि दोन्ही ब्रेक लावा. हँडल झटक्यानं वळवू नका. ब्रेक लावलेल्या अवस्थेत वळवली की गाडी आडवी होते, मग साईडपट्टीच्या खडीत किंवा समोरून येणाऱ्या ट्रकखाली जाणं हे हरणापेक्षा वाईट. नजर जनावरावर खिळवू नका. जिकडं बघाल तिकडंच गाडी जाते. ते जिथून आलं त्या मोकळ्या जागेकडं बघा, वेग खरंच कमी झालेला असेल तर ब्रेक सैल करून तिकडून हळू काढा, तेही मागून दुसरं येत नाही हे बघूनच. धडक टळणारच नसेल तर शेवटपर्यंत ब्रेक सोडू नका. 60 ऐवजी 30 नं धडकणं म्हणजे धडकेचा जोर चौथ्या हिश्श्यावर येणं.

रोही असेल तर बाजूनं काढायचा विचारही नको. पूर्ण थांबा, तो शेतात उतरून दिसेनासा होईपर्यंत.

धडक झालीच तर

पहिलं काम म्हणजे पडलेल्या माणसाला दुसरी गाडी उडवणार नाही हे बघणं. शुद्धीत असेल, उठता येत असेल तर कडेला घ्या. मागच्या बाजूला पन्नासेक पावलांवर हिरवी डहाळी टाका, मोबाईलची बॅटरी हलवत कुणाला तरी उभं करा. दगड मांडू नका. मांडलेले दगड नंतर कुणी उचलत नाही आणि पुढच्या रात्री त्यावर दुसरा कुणी पडतो.

बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. 108 ला फोन करा, 112 ही चालतो, राष्ट्रीय महामार्गावर 1033. जागा सांगताना 'गेवराईच्या पुढं' एवढ्यानं भागत नाही. जवळचा किलोमीटरचा दगड वाचा, मागच्या गावाचं नाव आणि कोणत्या दिशेला तोंड होतं ते सांगा. मदत करायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ नुसार मदत करणाऱ्याला त्याबद्दल कोर्टकचेरीत अडकवता येत नाही, नाव सांगण्याची सक्तीही नाही. 2025 पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळू शकतात. दवाखान्यात गेल्यावर त्याबद्दल विचारा.

जखमी जनावराजवळ जाऊ नका. पडलेला रोही लाथ मारतो, काळवीट शिंगं झाडतं. वनविभागाला 1926 वर कळवा. आणि मेलेलं हरीण 'असं तसं वायाच जाणार' म्हणून कुणी उचलून नेत असेल तर त्यात सामील होऊ नका. काळवीट आणि चिंकारा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत. त्यांचं मांस बाळगण्याला किमान तीन वर्षं कैद आहे. अपघात हा अपघात, पण मांस उचललं की गुन्हा.

विम्याचा कागद आजच उघडा

नवी गाडी घेताना मिळालेला 'पाच वर्षांचा विमा' हा थर्ड पार्टीचा असतो. रोही धडकून तुमच्याच गाडीचं नुकसान झालं तर त्यातून एक रुपया मिळत नाही. त्यासाठी ओन डॅमेज हवा, आणि तो बहुतेक वेळा पहिल्या एका वर्षाचाच असतो. दुसऱ्या वर्षी तो संपलेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो. पॉलिसीवर दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात, त्या बघा. तिथंच मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कवच चालू आहे का तेही बघा. धडक झाली तर गाडी हलवायच्या आधी फोटो काढा, जनावराचे केस किंवा रक्त गाडीवर असेल तर तेही फोटोत घ्या, पोलिसांत नोंद करा आणि गॅरेजवाल्याला हात लावू देण्याआधी विमा कंपनीला कळवा. सर्व्हेअर येण्याआधी काम सुरू केलं तर क्लेम अडतो.